गोटे मोजाले आलो जी: नागपूरच्या आसपासचा जुना इतिहास स्वतः शोधायचा तर

पहिल्यांदा आम्ही पाच जण काटोल रोडकडच्या एका गावाच्या बरडावर टेप आणि वही घेऊन फिरत होतो तेव्हा अर्ध्या तासात सात-आठ माणसं गोळा झाली आणि धोतर-टोपीतल्या एका मामांनी सरळ विचारलं, "काहून जी, धन काढाले आले का?" मी म्हटलं, "नाही जी मामा, गोटे मोजाले आलो." त्यावर मामा इतके हसले की बाकीचे पण हसायला लागले, आणि मग म्हणाले, "मोजून काय होते?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. आता चार हिवाळे झाले, बऱ्याच लोकांनी विचारलं की आम्हालाही यायचंय, सुरुवात कशी करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगतो. मुलगी इंग्लंडला असते, तिच्याकडे तीन महिने राहायला गेलो होतो, नॉर्फोकमधलं एक खेडं, करायला काही नाही, एका शनिवारी बघतो तर शेजारच्या आजी स्वतःच्या बागेत गुडघ्यावर बसून चौकोनी खड्डा खणतायत आणि बाजूला रिटायर्ड मास्तर, एक प्लंबर आणि दोन शाळकरी पोरं चाळणीने माती चाळतायत. तिकडे याला टेस्ट पिट म्हणतात. एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा, वरचं गवत चौकोनी कापून बाजूला ठेवायचं, मग दर १० सेंटिमीटरला थांबायचं, त्या थराची माती चाळायची, निघालेली खापरं त्या थराच्या पिशवीत, पिशवीवर खड्ड्याचा आणि थराचा नंबर, फोटो, मग पुढचे १०. शेवटी सगळं बुजवून वरून गवत परत लावायचं. एका खड्ड्यातून काही कळत नाही हो, चिनीमातीचे निळे-पांढरे तुकडे आणि तंबाखूच्या पाइपच्या नळ्या निघतात, पण गावात असे तीस-चाळीस खड्डे झाले की कोणत्या शतकात वस्ती कुठे होती ते नकाशावर दिसायला लागतं. कॅरेन्झा लुइस नावाच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी पूर्व इंग्लंडच्या ५५ गावांमधल्या दोन हजारांवर खड्ड्यांची खापरं मोजली, आणि १३४८-४९ च्या प्लेगनंतरच्या काळातली खापरं आधीपेक्षा जवळपास ४५ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे किती घरांतली चूल विझली याचा हिशोब लोकांनी आपापल्या परसात खणून काढला. मला हे फार भारी वाटलं.

पण थांबा, फावडं घेऊन निघू नका. ते तिकडे चालतं, आपल्याकडे नाही. आपल्याकडे पुरातत्त्वीय उत्खनन करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन लागतं आणि ते संस्थांना, विद्यापीठांना मिळतं, तुम्हा-आम्हाला नाही. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, हा कायदा १८७८ चा, दहा रुपयांवरूनच वय कळतं त्याचं. आणि मेटल डिटेक्टर तर अजिबात नको. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी घेऊन लोक तो फिरवतात, तिथे १९९६ चा ट्रेझर कायदा आहे, खजिन्यात मोडणारं काही सापडलं की १४ दिवसांत कळवावं लागतं, बाकीच्या वस्तू नोंदवायला १९९७ पासून सरकारी योजना आहे. इथे तुम्ही डिटेक्टर घेऊन गावात शिरलात तर तुम्ही गुप्तधनवाले, विषय संपला, आणि अमावस्येच्या आसपास असाल तर पोलीस पाटील आलेच म्हणून समजा.

मग करायचं काय? तर चालायचं, बघायचं, मोजायचं, लिहायचं. इंग्लंडात पण बहुतेक काम हेच आहे, खणणं त्यातलं थोडंसं. नॉर्थम्बरलँड आणि डरहॅमकडे खडकांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, कपमार्क म्हणतात त्यांना, २००४ ते २००८ मध्ये तिथल्या शंभरेक स्वयंसेवकांनी ट्रेनिंग घेऊन माळरानं तुडवत अशा हजारावर खडकांची नोंद केली, एक खड्डा न खणता. हे वाचलं तेव्हा मी सोफ्यावरून उठलोच, कारण असेच कपमार्क आपल्या जुनापाणीच्या दगडांवर आहेत! आणि ते नागपूरच्या रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, १८७९ साली त्याने यावर लिहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काटोल रोडवर जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काळ्या दगडांचे मोठे गोटे गोलात मांडलेले, मधे मुरूम-दगडांचा किंचित उंचवटा, खाली लोहयुगातलं दफन, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचं सामान, काळी-तांबडी भांडी. अडीच-तीन हजार वर्षं जुनं प्रकरण. तिथे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बा. कृ. थापर यांनी तीन वर्तुळं खणली. मग शां. भा. देव सरांनी आणि नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा, माहुरझरी इथं खणलं, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. शिवाय कुही तालुक्यात आडमची जुनी वस्ती आहे, नगरधन-मनसर आहे जिथे वाकाटक राज्य करत होते. ही झाली मोठी नावं, यांना आपली गरज नाही. आपली गरज आहे ती अध्येमध्ये सुटलेल्या वर्तुळांना, जी कुणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहेत आणि उद्या तिथे लेआउट पडणार आहे. एका ठिकाणी आम्ही डिसेंबरात नऊ वर्तुळं मोजली, मार्चमध्ये गेलो तर पाच, बाकीची मुरमासोबत ट्रॅक्टरमध्ये गेली. कोण ते सांगत नाही.

घरची तयारी ही अर्धी लढाई आहे आणि लोक नेमका त्याचाच कंटाळा करतात. एक तालुका घ्या, त्यातली सहा-सात गावं घ्या, जास्त नको. मग गुगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो उघडा, उन्हाळ्यातले घ्या, फेब्रुवारी ते मे, गवत वाळलेलं असतं आणि मोठी वर्तुळं ठिपक्यांच्या बांगडीसारखी दिसतात. इस्रोची भुवन ही नकाशांची साइट पण बघा. इंग्लंडमध्ये विमानातून लेझरने जमीन मोजलेले लायडार नकाशे फुकट मिळतात आणि तिथले आजोबा लोक संगणकावर बसून शेतातले बुजलेले बांध शोधतात, आपण सॅटेलाइट फोटोवर भागवायचं. फसायला होतं हे पण सांगतो, आम्ही एकदा चार किलोमीटर चालून गेलो आणि ते वर्तुळ म्हणजे गोल खळं निघालं.

दुसरी गोष्ट, महसुली यादी. आपल्या भागात गावांच्या यादीत काही नावांपुढे 'रिठी' लिहिलेलं असतं. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव, कागदावर मौजा आहे, जमीन कसतात पण राहत कोणी नाही. सातबाराच्या साइटवर तालुका निवडून गावांची यादी उघडली तरी दिसतात, जनगणनेच्या यादीत ओसाड गावं म्हणून दिसतात. इंग्लंडात अशा उठलेल्या मध्ययुगीन गावांचा फार अभ्यास झालाय, यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी नावाच्या एकाच रिठीवर १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात स्वयंसेवक जाऊन खणत होते. आपल्या रिठ्यांकडे बघायला कोणाला वेळ नाही. तिथे जाऊन काय बघायचं? पांढरी. काळ्या वावरात मधेच राखेसारखी पांढुरकी, भुसभुशीत माती, थोडा उंचवटा, चिंचेचं किंवा कडुनिंबाचं जुनं झाड, पडकी विहीर, एखादा शेंदूर लावलेला दगड, की समजायचं इथे घरं होती.

तिसरं, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं रसेलचं गॅझेटियर, पीडीएफ मिळतं, आपल्या गावाचं नाव शोधा आणि वाचा. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा. निस्तार पत्रक मिळालं तर सोनं, त्यात जुने रस्ते, पांदणी, गुरं चारायच्या जागा, मसणवट सगळं असतं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये ४५ च्या उन्हात काळे गोटे तव्यासारखे तापतात, हात लावून बघा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, खाली घोणस आहे का दगड आहे ते कळत नाही. आणि ओढ्यांची मस्करी करू नका. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते हिस्लॉप, हे ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची हीच वर्तुळं बघून बोरीकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. आपल्या छंदातला नागपूरचा पहिला बळी म्हणा. म्हणून चार वाजले की वह्या बंद, हा आमचा नियम. कुसळांसाठी जाड पँट आणि पायाला बूट, सॅन्डल घालून आलेला माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

परवानगीचं सांगतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. आदल्या आठवड्यात दोघांनीच जायचं, सरपंच नाहीतर पोलीस पाटलाला भेटायचं, चहा प्यायचा, वहीतलं एखादं जुनं रेखाटन दाखवायचं. वावर कोणाचं आहे ते विचारून त्याला भेटायचं, उभं पीक असेल तर आत पाय टाकायचा नाही, धुऱ्यावरूनच चालायचं. टोळीत एक तरी बाई असू द्या, गावातल्या आज्या पुरुषांशी बोलत नाहीत आणि माहिती त्यांच्याकडेच असते. गावातलं एक पोरगं सोबत घ्या, कॉलेजात जाणारं, ते दोन रविवारांत तुमच्यापेक्षा चांगलं मोजायला लागतं. संरक्षित फलक असेल तिथे फक्त बघायचं, टेप-खुंट्या काढायच्या असतील तर आधी पुरातत्त्व विभागाला लेखी विचारा.

सामान फार नाही. ३० मीटरची टेप, होकायंत्र, आलेखाची वही, पेन्सिल (पेन घामाने पसरतो), मोबाइल, पॉवर बँक, एक मीटरचा बांबू, त्यावर दर २० सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग मारून घ्या, आणि लहान फोटोंसाठी १० सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी, पुठ्ठ्यावर घरीच होते. फोटोत नाणं किंवा पेन ठेवू नका, दहा वर्षांनी त्या नाण्याचा आकार कोणाच्या लक्षात राहतो.

आता एक वर्तुळ कसं नोंदवायचं. आधी काही करू नका, दोन चकरा मारा बाहेरून. कोणते गोटे जागेवर आहेत, कोणते वावरातून आणून टाकलेत ते बघा, जागेवरचा दगड जमिनीत रुतलेला असतो, त्याच्या बुडाशी माती-गवत बसलेलं असतं, टाकलेला नुसता वर बसलेला दिसतो. मग उत्तरेकडच्या दगडाला एक नंबर आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे दोन, तीन, चार. दगडावर खडूने लिहू नका!! कागदाची चिठ्ठी ठेवा वर छोटा खडा ठेवून आणि जाताना उचला. व्यास दोन घ्यायचे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, कारण बरीच वर्तुळं खरं म्हणजे जरा लांबट असतात. मग अंदाजे मध्यावर एक जण टेपचं टोक धरून उभा राहील (खुंटी ठोकायची नाही, ते पण खणणंच झालं), दुसरा प्रत्येक दगडापर्यंत टेप नेईल, तिसरा मध्यावरून होकायंत्राने दिशा वाचेल, चौथा लिहील. अंतर आणि दिशा मिळाली की आलेखावर एक सेंटिमीटरला एक मीटर धरून तिथेच नकाशा काढायचा, घरी जाऊन काढू म्हटलं की राहतं. एक गंमत लक्षात ठेवा, हा दगड बेसाल्ट, त्यात चुंबकीय खनिज असतं, होकायंत्र दगडाला टेकवून वाचलं तर सुई भरकटते, आमचं एक अख्खं वर्तुळ असं वाकडं झालं आणि आम्ही आठवडाभर काहीतरी खगोलशास्त्रीय सापडलं म्हणून खुश होतो. हातभर लांब राहून वाचा, मोबाइलच्या होकायंत्राला पण हेच लागू.

प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, कपमार्क आहेत का. इथे नवीन माणूस हमखास चुकतो. बेसाल्टमध्ये गॅसच्या बुडबुड्यांची नैसर्गिक भोकं असतात, ती वेडीवाकडी, लहानमोठी, कशीही पसरलेली, काहींत पांढरे-हिरवट खडे भरलेले असतात. माणसाने केलेला कपमार्क गोल, उथळ, गुळगुळीत, आणि बहुतेक वेळा ओळीत किंवा काहीतरी आकृतीत. दुपारी बारा वाजता दिसणारच नाहीत, सकाळी आठच्या तिरप्या उन्हात बघा, किंवा चादरीची सावली करून बाजूने टॉर्च मारा. पाणी, तेल, खडू, पीठ काही लावायचं नाही. दगडाला शेंदूर असेल तर तो कोणाचा तरी देव आहे, तसं लिहा आणि हात जोडा.

पिकं निघाल्यावर वखरलेल्या वावरातून चालणं हा वेगळा प्रकार आहे. सोयाबीन निघून हरभरा पेरायच्या आधीचे जे थोडे दिवस असतात ते बेस्ट, पावसाने धुतलेली खापरं वर येतात. इंग्लंडात नांगरलेल्या शेतात माणसं ठरावीक अंतर सोडून ओळीने उभी राहतात आणि सावकाश सरळ चालतात, मान खाली. आपणही तेच करायचं, दहा पावलांचं अंतर, बोलायचं नाही (हे आमच्याकडे जमत नाही). तिकडे मालकाच्या परवानगीने खापरं उचलून नेतात, धुतात, नंबर टाकतात. आपण उचलायचं नाही, पट्टी ठेवून जागेवर फोटो, लोकेशन, पुढे चला. बघायचं काय, तर आतून काळं आणि बाहेरून खाली तांबडं असं खापर, लोहकीट म्हणजे जड, बुडबुडे असलेला गंजक्या रंगाचा गोळा, आणि माहुरझरीकडे गेलात तर अकीकाचे मणी. मणी खिशात टाकायचा मोह होतो, मला पण झाला. खिशातल्या मण्याला ना जागा ना थर, तो नुसता खडा.

आकडे घेऊन झाले की गावात बसा, घाईत निघू नका. वावरांची नावं विचारा. इंग्लंडात १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या करासाठी काढलेल्या टाइद नकाशांसोबतच्या याद्यांत शेतांची नावं आहेत आणि 'चॅपल फील्ड' असं नाव दिसलं की तिथे जुनं चर्च शोधतात. आपल्याकडे नकाशावर फक्त खसरा म्हणजे जमिनीचा नंबर, नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात. गोट्याचं वावर, बुरुजाचं वावर, पांढरीचं वावर. ही वर्तुळं कोणाची विचारलं तर कोणी गवळ्यांचे गोठे म्हणतात, कोणी पांडवांचं जेवायचं ठिकाण. चूक-बरोबर करत बसू नका, शब्द जसे आले तसे लिहा, कोणी सांगितलं आणि कधी, आणि नाव छापायचं का ते त्यांनाच विचारा.

फोटोंबाबत आमची घोडचूक सांगतो. पहिल्या हिवाळ्यातले साठ-सत्तर फोटो सगळ्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, मी तिथूनच सेव्ह केले, आणि नंतर कळलं की असा पाठवलेला फोटो लोकेशन गमावून येतो. कोणता दगड कोणत्या गावचा, काही पत्ता नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका, आणि वहीत अक्षांश-रेखांशाचे आकडे हाताने लिहाच, दशांशानंतर पाच अंक, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंतची जागा. फोन तेवढा अचूक नसतो, मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे धरा, म्हणून एक मिनिट स्थिर उभं राहून मग वाचा.

आणि हे आकडे फेसबुकवर टाकू नका. नवीन वर्तुळ सापडलं की छाती फुगते मान्य, पण रात्री खणणारे पण फेसबुक वाचतात. इंग्लंडात पण हा त्रास आहे, नाइटहॉक म्हणतात त्या चोरांना, म्हणून तिकडच्या सरकारी योजनेत सामान्य माणसाला वस्तू सापडल्याची नेमकी जागा दाखवत नाहीत. आपण गावाचं नाव सुद्धा मोघम ठेवायचं. पूर्ण नोंद मात्र द्यायची, एक प्रत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्य पुरातत्त्व विभागाला, एक विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला, पोच घेऊन. उत्तर लगेच येईल अशी आशा ठेवू नका, पोच जपून ठेवा. मुरूम काढायला जेसीबी आला की तेव्हा तारखेसकट दाखवायला तेवढाच कागद असतो.

एक प्रत वावराच्या मालकालाही द्या, छापून. पण त्या प्रतीत धुरे दाखवू नका. आम्ही त्या पहिल्या मामांना नकाशा नेऊन दिला, म्हटलं बघा मामा, मोजून हे झालं. त्यांनी चष्मा लावला, गोट्यांकडे बघितलंही नाही, बोट ठेवलं ते शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, आणि म्हणाले, "दोन हात आत आला न बे हा!" आणि आम्हाला तिथंच सोडून ते तरातरा शेजाऱ्याच्या घराकडे निघाले.